पाचशेतले पस्तीस

जयसुखला फक्त बघायचं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की हा माणूस हातोडा घेऊनच कॉम्प्युटरसमोर बसला असेल. तसं काही नव्हतं. गुरुवारची संध्याकाळ होती, रोटला आणि वांग्याचं भरीत खाऊन झालं होतं, दक्षा शेजारी गेली होती आणि टेबलावरचा कॉम्प्युटर मोकळा होता. चारच दिवसांपूर्वी त्यात नवी डिस्क बसली होती. घरात नवा पंखा आणला की माणूस दिवसातून दोनदा मान वर करून बघतो की नाही, तसंच.

डिस्कच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत पाचशे लिहिलं होतं. ते खोकं जयसुखने जपून ठेवलं होतं. (तो सगळीच खोकी जपून ठेवतो. त्यांच्या माळ्यावर खोक्यांशिवाय काही मावत नाही.) कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी असे दोन कप्पे दिसत होते. त्याने दोन्हींचे आकडे मिळवले. आधी मनात मिळवले, मग मोबाइलवर मिळवले, मग डी आधी आणि सी नंतर धरून मिळवले. कसंही केलं तरी बेरीज चारशे पासष्टवर येऊन बसायची.

पस्तीस कमी.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असेल काहीतरी, आणि टीव्ही लावून बसला असता. पण जयसुख जामनगरच्या एका पितळेच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. त्याचं कामच हे. कारखान्यातून पितळेच्या सळ्या बाहेरच्या कारागिरांकडे जायच्या आणि तिकडून नट, पिना, टोप्या असे तयार भाग परत यायचे. सोबत कातकामात निघालेला पितळेचा कीसही गोणीत भरून परत यायचा. भाग अधिक कीस बरोबर सळ्या, असा हिशेब. थोडीफार घट धरलेली असते, शंभराला एक-दीड. त्यापेक्षा जास्त निघाली की जयसुख काही बोलायचा नाही. तो बुजरा माणूस. तो फक्त समोरच्याच्या पायांकडे बघायचा आणि मग त्याच्या जेवणाच्या डब्याकडे. कारण कीस डब्यातूनच जातो, हे त्याला ठाऊक होतं. भले भले कारागीर त्या नजरेने घामाघूम होऊन म्हणायचे, "जयसुखभाई, तुमचा काटा आणि आमचा काटा वेगळा आहे."

असा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या घरात, शंभराला सात घट.

आणि डिस्क बसवली होती निकुंजने. निकुंज म्हणजे दक्षाचा धाकटा भाऊ. बेडी गेटजवळ त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर तो काळा चष्मा डोक्यावर ठेवून फिरायचा, पण डोळ्यांवर ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. जयसुखला ही गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. जी वस्तू वापरायची नाही ती माणूस जवळ का बाळगतो?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने लाभुभाईंना विचारलं. लाभुभाई तिथले जुने मुनीम. जगातल्या कुठल्याही घटीचं कारण त्यांना बसल्या जागी सापडायचं.

"माल कुणी बसवला?" लाभुभाईंनी विचारलं.

"साळ्याने."

लाभुभाईंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला. "मग मला काय विचारतोस?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं की माझ्या घरात दोन पंखे होते. माझ्या साळ्याने दुरुस्तीला नेले. आता त्याच्या घरात दोन पंखे आहेत."

"पण लाभुभाई, डिस्क एकसंध असते. त्यातून पस्तीस काढणार कसे?"

"सळईही एकसंधच असते," लाभुभाई म्हणाले आणि दुसरा चहा मागवायला उठले.

शनिवारी जयसुखने निकुंजला फोन केला. थेट विचारायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तो आधी हवापाण्याचं बोलला, मग निकुंजच्या आईच्या गुडघ्यांचं, मग म्हणाला, "आणि तो डिस्कचा माल... पूर्ण आलाय ना?"

पलीकडे निकुंज हसला. "जिजाजी, चारशे पासष्ट दिसतंय ना? सगळ्यांनाच दिसतं. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो. म्हणून कमी दिसतं. माल तेवढाच आहे."

जयसुखला कारागीर आठवले. तुमचा काटा आणि आमचा काटा वेगळा. इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलेलं वाक्य, तेच, फक्त डोक्यावर काळा चष्मा चढवून आलेलं.

"ऐकताय ना?" निकुंज म्हणाला. "विश्वास बसत नसेल तर स्वतः बघा. मी तुमच्या खणात निळी पेन ड्राइव्ह ठेवलीय, सिस्टिम टाकायची. ती लावून कॉम्प्युटर चालू करा आणि लगेच एफ बारा दाबत राहा. पुढे पुढे जा. सिस्टिम कुठे टाकायची असं विचारतो तिथे पूर्ण डिस्क उघडी दिसते. बघा आणि बंद करा. फक्त काही दाबू नका."

"मी कशाला दाबू?"

"तेच म्हणतोय मी."

हे बोलणं दक्षाने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "माझ्या भावाला चोर म्हणताय?"

"मी शब्दही काढला नाही."

"तुम्ही शब्द काढत नाही हेच तर. आमच्या जुनागढच्या बाजारात वीस किलोचा मण, आणि दुसरीकडे चाळीसचा. म्हणून वीसच्या मणाने मोजणाऱ्या माझ्या आईला कुणी चोर म्हटलं का?"

"तुझी आई वेगळी, तुझा भाऊ वेगळा."

"आणि हे बघा," दक्षा म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला, "सोमवारी मंजुलाबेन येणार आहेत. तोवर त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही."

मंजुलाबेन विठलाणी राजकोटच्या. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नातल्या घरचोळ्याची बांधणी दक्षा काढत होती. लाल साडी, बावन्न चौकड्या, आणि प्रत्येक चौकडीत हत्ती, पुतळी, पोपट किंवा कमळ, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी. दक्षा ते कॉम्प्युटरवर एकेक ठिपका ठेवून काढायची. मग त्याचा मोठा कागद छापायचा, त्यावरून प्लास्टिकला भोकं पाडायची, आणि त्या भोकांतून कापडावर गेरूची खूण उठायची. इतकी वर्षं ती बाजारातल्या एका शेठसाठी नक्षी काढत आली होती. बायका ती नेसून मिरवायच्या, कौतुक शेठचं व्हायचं, आणि दक्षाचं नाव त्या दुकानाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. मंजुलाबेनला कुठूनसं कळलं की हत्ती काढणारा हात शेठचा नाही, आणि त्या शेठला टाळून थेट घरी येणार होत्या. नक्षी आवडली तर काम दक्षाच्या नावाने. नाही आवडली, किंवा दाखवताच आली नाही, तर पुन्हा शेठचं दुकान. हे दक्षा बोलली नव्हती, पण गेला महिनाभर रोटले करपत होते त्यावरून जयसुखलाही कळलं होतं.

"मी कशाला हात लावू?" तो म्हणाला. एका दिवसात दोघांना त्याने हेच विचारलं, आणि दोघांनीही त्याच्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं.

रविवारी दक्षा आईबरोबर खंभाळियाला गेली. मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं, यायला संध्याकाळ होणार होती. बस सुटल्याची खात्री करून जयसुख घरी आला, दाराला कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला (स्वतःच्याच घरात स्वतःच्याच कॉम्प्युटरकडे बघायला पडदा कशाला, हे त्याला तेव्हा सुचलं नाही) आणि खणातली निळी पेन ड्राइव्ह काढली.

एफ बारा दाबलं. निळा पडदा आला. पुढे, पुढे, पुढे. आणि मग ती यादी उघडी झाली.

जयसुख खुर्चीत मागे रेलला. त्यात सी नव्हती, डी नव्हती. नुसते आकडे: कप्पा एक, कप्पा दोन, कप्पा तीन. आणि कप्पे दोन नव्हते, पाच होते.

तीन जास्तीचे कप्पे. एक शंभराचा, एक सोळाचा, आणि एक दोन मोठ्या कप्प्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेला. एरवी कॉम्प्युटर उघडला की यातलं एकही दिसत नव्हतं. सोळाच्या पुढे इंग्रजीत राखीव असं लिहिलं होतं. कुणासाठी राखीव, ते लिहिलं नव्हतं.

डबे. जयसुखला दुसरा शब्दच सुचला नाही. कारागीर असाच कीस लपवतो, थोडा इथे, थोडा तिथे, एका जागी कधी नाही. त्याने आकडे मिळवायला घेतले आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे तिन्ही आकडे एमबीत आहेत, जीबीत नाहीत. तिन्ही मिळूनही एक जीबी भरत नव्हता. म्हणजे चोर सापडले होते, पण माल सापडला नव्हता.

इथे त्याने थांबायला हवं होतं. बघून झालं होतं. पण स्टोअरमध्ये लपवलेला कीस सापडला की तो जागच्या जागी कारखान्याच्या ढिगात ओतायचा असा नियम आहे, पंचनामा मग. यादीखाली एक शब्द होता, डिलीट. जयसुखने शंभराच्या कप्प्यावर बोट ठेवलं आणि तो शब्द दाबला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? यात महत्त्वाचं काही असू शकतं.

"असणारच," जयसुख म्हणाला आणि हो म्हणून दाबलं.

मग राखीव. मग मधला. तिन्ही ठिकाणी आता मोकळी जागा असं दिसायला लागलं. पण मोकळी झालेली जागा मोठ्या कप्प्यात जाऊन मिळेना. ती तिथेच नुसती पडून राहिली. डबा उघडला, कीस बाहेर सांडला, पण ढिगात जाईना, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. एकूण बेरीज होती तेवढीच राहिली.

आता एकच उपाय होता. सगळं एकत्र वितळवायचं. म्हणजे सी पुसायची, तिची जागा मोकळ्या जागेला जोडायची, त्यावर नवी सिस्टिम घालायची आणि मग नव्याने वजन करायचं. दक्षाची नक्षी डीमध्ये होती, हे त्याला माहीत होतं. "सगळं डीमध्ये ठेवते मी," असं ती नेहमी म्हणायची. म्हणजे डीला हात लावायचा नाही. फक्त उरलेल्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी डी कोणती, एवढंच ठरवायचं होतं.

एक कप्पा दीडशेचा. दुसरा त्याच्या दुपटीहून मोठा. डिस्क बसवताना निकुंज म्हणाला होता, सी लहान ठेवलीय, डी मोठी. म्हणजे मोठा कप्पा डी. पण हे निकुंज म्हणाला होता. निकुंज चोर असेल तर त्याने उलटं सांगितलं असणार, म्हणजे लहान कप्पा डी. पण निकुंज काही साधा चोर नव्हता. आपण त्याचं बोलणं उलटं धरणार हे त्याला ठाऊक असणार, म्हणून त्याने मुद्दाम खरं सांगितलं असेल. मग मोठाच डी. पण आपण इतका विचार करू हेही त्याच्या लक्षात आलं असेल तर?

जयसुखचं बोट वर-खाली करून दुखायला लागलं. एकदा त्याने डोळे मिटून दाबायचंही ठरवलं, पण डोळे मिटल्यावर बावन्न चौकड्यांतले बावन्न हत्ती दिसले (सगळ्या चौकड्यांत हत्ती नव्हते, पण त्याला तसं दिसलं). शेवटी त्याने काहीच दाबलं नाही. सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह काढली, आणि झालं तेवढं बास असं म्हणून पुन्हा चालू केला.

पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, चालू करण्यासारखं काही सापडत नाही.

त्याने निकुंजला फोन लावला. फोन बंद. घड्याळात बघितलं तर दीड वाजला होता, आणि दुपारी एक ते चार जामनगरमध्ये कुणी जागं नसतं. दुकानं बंद, फोन बंद, कुत्रीही सावलीत आडवी. त्याने लाभुभाईंच्या घरी जाऊन बघितलं. लाभुभाईंच्या बायकोने दारातच ओठांवर बोट ठेवलं. रस्त्यावर एकटा जयसुख उभा होता. आख्खं गाव झोपलेलं असताना आपण एकटेच जागे आहोत, एवढ्यावरूनही कुणी आपल्यावर संशय घेईल, असं त्याला वाटलं आणि तो घरी परतला.

चारला गाव उठलं. तोवर जयसुखच्या मनात दुसरंच आलं होतं. ज्याच्यावर संशय घेतला त्यालाच फोन करून मदत मागायची? तो म्हणणार, तुम्ही काय दाबलं? मग काय सांगायचं? त्याने फोन खिशात घातला, कॉम्प्युटरवर एक जुनी चादर घातली आणि समोर बसून राहिला.

संध्याकाळी दक्षा आली. "चादर कशाला?"

"आतल्या पंख्याची धूळ काढली. वाळू दे."

"धूळ वाळते?"

 दक्षाने त्याच्या पायांकडे बघितलं. ही नजर त्याला ओळखीची होती, फक्त आजवर ती तो दुसऱ्यांवर टाकायचा. पण प्रवासाने ती दमली होती, आणि जेवून झोपून गेली.

सोमवारी सकाळी अंघोळ करून, देवाला दिवा लावून दक्षाने चादर काढली आणि बटण दाबलं.

"अहो."

"काय?"

"हा काळा का झाला?"

"साफ केलाय ना."

"यात लिहिलंय, चालू करण्यासारखं काही सापडत नाही. तुम्ही धूळ काढली की आतलं सगळंच?"

जयसुखने सांगून टाकलं. सगळं सांगितलं. पाचशे, चारशे पासष्ट, लाभुभाईंचे पंखे, राखीव डबा. दक्षा ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. ती पाटावर बसली आणि पदराने बोटं पुसत राहिली, जणू तिच्या हाताला अजून गेरू लागलेला होता. "मंजुलाबेन राजकोटहून निघाल्या असतील," ती म्हणाली. "त्यांना काय दाखवू? हा काळा पडदा?"

मग तिनेच निकुंजला फोन केला. तो आला तेव्हा एका हातात गाठियाचं पुडकं होतं, खांद्याला पिशवी आणि डोक्यावर काळा चष्मा. त्याने निळी पेन ड्राइव्ह लावली, यादी उघडली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"जिजाजी, उरलेले तीन कुठे गेले?"

"कोणते तीन?"

"जिजाजी."

"तू सी आणि डी म्हणाला होतास. मला तीन जास्तीचे सापडले."

"सापडले, आणि?"

"पुसले."

निकुंजने चष्मा काढला. "त्यातल्या पहिल्यात कॉम्प्युटर चालू करायची सोय असते. म्हणून तो लपवलेला असतो, तुमच्यासारख्या माणसांपासून. बेन, यांनी काय केलंय माहितीये? स्कूटरची किल्ली वितळवून त्यातून पितळ किती निघतं ते बघितलंय."

"आणि माझी नक्षी?"

"डी शाबूत आहे. डीला हात कसा नाही लावलात, जिजाजी?"

"सी कोणती आणि डी कोणती, ते तू सांगितलं होतंस," जयसुख म्हणाला. "म्हणून ठरत नव्हतं."

निकुंजला हे नीट कळलं नाही, आणि ते बरंच झालं. "ठीक आहे. आता सी पुसतो, समोरची मोकळी जागा जोडून घेतो, नवी सिस्टिम घालतो. अर्ध्या तासात डी उघडून देतो." त्याने दीडशेच्या कप्प्यावर बोट ठेवलं.

जयसुखने त्याचं मनगट धरलं.

का धरलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांची सवय. गोणी वितळायला टाकायच्या आधी स्टोअरकीपर ती उघडून बघतो. "आधी आत काय आहे ते दाखव."

"सीमध्ये काही नसतं, जिजाजी. नुसती सिस्टिम."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

"बेन, सांग यांना. हात सोडा म्हणावं."

"अहो, सोडा ना," दक्षा म्हणाली. "सगळं डीमध्येच आहे. फक्त मंजुलाबेनचं शेवटचं तेवढं समोर ठेवलंय, हाताशी असावं म्हणून."

"समोर म्हणजे कुठे?" निकुंजने विचारलं.

"समोर म्हणजे समोर. चालू केल्यावर जिथे सगळी चित्रं दिसतात तिथे. पडद्यावर."

निकुंजचं बोट हळूच मागे आलं. पडद्यावर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं, हे त्याने त्यानंतर सांगितलं, आणि फार हळू आवाजात सांगितलं.  जयसुखने मनगट सोडलं नव्हतं.

त्याच वेळी दार वाजलं आणि मंजुलाबेन आत आल्या. दार नुसतंच लोटलेलं होतं. चांगल्या उंचनिंच बाई, हातात चामड्याची पर्स, चेहऱ्यावर असा भाव की या घरात कुणीतरी काहीतरी लपवत आहे आणि ते कोण, एवढंच आता शोधायचं आहे.

"दक्षा कोण?"

"मी. या ना, बसा."

"हा कोण?"

"माझा भाऊ."

"आणि याचं मनगट धरून उभे आहेत ते?"

"हे घरचेच," दक्षा म्हणाली.

मंजुलाबेन बसल्या. जयसुखला पाणी आणायला पाठवलं गेलं. तो पाणी घेऊन येईपर्यंत निकुंजने पिशवीतून दुसरी पेन ड्राइव्ह काढली होती. तिच्यावर एक आख्खी सिस्टिम होती. ती डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालते, आणि डिस्कमध्ये फक्त डोकावून बघते. जयसुखला हा प्रकार ऐकून मनापासून आवडला. नुसतं डोकावून बघणारी वस्तू होती, तर मला ती का दिली नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण दक्षाकडे बघून त्याने ते गिळलं.

पडद्यावर कप्पे उघडले. सी. त्यात दक्षाचं नाव. त्यात आणखी एक कप्पा. आणि मग, एकदम, लाल पडदा. बावन्न चौकड्या. हत्तींची सोंड वर, पुतळ्यांचे हात एकमेकींत, पोपटांच्या चोचीत कमळाचे देठ, आणि सगळं पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांनी असं काही उठलेलं की जयसुखनेही मान पुढे केली. त्याने ते आजवर पाहिलं नव्हतं. महिनाभर ते त्याच्याच घरात होतं.

मंजुलाबेन उठून पडद्याजवळ गेल्या. एकेक चौकडी बघितली. मग वळून म्हणाल्या, "हे किती जणांनी पाहिलंय?"

"मी. आणि आता तुम्ही," दक्षा म्हणाली.

"नीट आठवून सांग. माझ्या मोठ्या मुलीचं घरचोळं असंच एकीकडे काढायला दिलं होतं. लग्नाच्या दिवशी बघते, तर तेच हत्ती नवऱ्यामुलाच्या काकूच्या अंगावर. काढणारी म्हणाली, मी कुणाला दाखवलं नाही. मग कुणी दाखवलं? तिच्या नवऱ्याने. त्याला होता साडीवाल्यांत बसायचा नाद."

 मंजुलाबेनने निकुंजकडे बोट केलं. "हा?"

"याला हत्ती आणि म्हैस यातला फरक कळत नाही."

"कळतो," निकुंज म्हणाला.

"आणि हे?"

दक्षाने जयसुखकडे पाहिलं. त्या एका नजरेत कालची पूर्ण दुपार होती. आता ती काहीही सांगू शकली असती, आणि जयसुख त्याला पात्र होता. तो पाण्याचा रिकामा पेला हातात धरून सरळ उभा राहिला, जसे त्याच्यापुढे कारागीर उभे राहायचे.

"काल मी घरात नव्हते," दक्षा म्हणाली. "यांनी दाराला कडी लावली, पडदे ओढले आणि दिवसभर या कॉम्प्युटरमागे लागले होते. यांना तो उघडता आला नाही. होता तोही बंद पडला. म्हणून तर भावाला बोलवावं लागलं."

मंजुलाबेन जयसुखपर्यंत चालत आल्या. "खरं?"

"खरं," जयसुख म्हणाला.

"प्रयत्न करूनही नाही उघडलं?"

"एफ बारा दाबूनसुद्धा नाही."

मंजुलाबेनने निकुंजकडे पाहिलं. निकुंजने मान हलवली. मग त्या पहिल्यांदाच हसल्या, खुर्चीत जाऊन बसल्या, आणि दक्षाला म्हणाल्या, "काम तुझं. शेठकडे मी जात नाही. विचारेल त्याला सांगेन, राजकोटच्या विठलाणींचं घरचोळं दक्षाने काढलंय."

दक्षा पाटावर बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. निकुंजने गाठिया उघडल्या. चहा झाला. मंजुलाबेनने बशीतून चहा पीत जयसुखला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"आमच्या ह्यांना सगळं उघडता येतं," त्या म्हणाल्या. "कुलूप, कपाट, माझा मोबाइल. तुझ्या ह्यांच्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं, बाई."

जयसुखने शर्ट खाली ओढून सरळ केला. लग्न झाल्यापासून या घरात त्याची कुणी स्तुती केली ती ही पहिलीच, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आलेला माल त्याने न तपासता आत घेतला.